ठिणगी बिचारी काय करणार?

आधीच सांगून टाकतो, हा लेख चिडून लिहिलेला आहे. शनिवारची सकाळ, चहा झालाय, आणि समोर बाबा डाव्या हाताने पेपरची पानं उलटायची कसरत करताहेत. उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. तो प्लास्टरमध्ये का आहे याचं अर्धं उत्तर माझ्या टेबलाच्या खणात पडलंय: एक लालभडक 'रेसिंग' इग्निशन कॉइल, बोटाएवढी जाड प्लग-वायर, एक इरिडियम प्लग आणि निळ्या रंगाचा सीडीआय. किंमत सगळी मिळून पाच हजार आठशे. दुकानाचं नाव विचारू नका. दुकानाची चूक फार तर चार आणे, बाकी बारा आणे माझी.

तर मंडळी, विषय असा. छोट्या इंजिनाची गाडी, म्हणजे शंभर-सव्वाशे-दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली. ती दमली, पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं, की करायचं काय? आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये याचं एकमुखी उत्तर आहे : इग्निशन बदल. प्लग इरिडियमचा टाक, कॉइल मोठी टाक, 'अनलिमिटेड' सीडीआय टाक, गाडी वाघ होते. कार्बोरेटरचं नाव काढलं की हेच लोक नाक मुरडतात. ते काम मेस्त्रीचं, हात काळे होतात, आणि बॉक्समधून काढून चार बोल्ट लावले की झालं असं त्यात काही नसतं.

माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. इग्निशन शाबूत असेल तर ते 'अपग्रेड' करून छोट्या इंजिनाची ताकद वाढत नाही. आणि कार्बोरेटर बिघडलेला असताना इग्निशन अपग्रेड करणं हे निरुपयोगी तर आहेच, पण धोक्याचंसुद्धा आहे. शेवटचा मुद्दा मी पुस्तकातून शिकलो नाही. दिवे घाटात शिकलो, म्हणजे बाबा शिकले, मी नंतर टेम्पो घेऊन गेलो.

आधी हिशोब करू. इंजिनियरिंगच्या चार वर्षांचा काहीतरी उपयोग व्हायला हवा ना.

आमची गाडी १९९४ची आरएक्स १००. इंजिन ९८ सीसी, टू-स्ट्रोक, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ७५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती. सिलिंडर पूर्ण भरला असं धरलं तर एका फेरीत साधारण एक दशांश ग्रॅम हवा आत असते. तेवढ्या हवेत जळण्याजोगं पेट्रोल सुमारे आठ मिलिग्रॅम. एका ग्रॅम पेट्रोलमध्ये साधारण ४४ हजार ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे त्या आठ मिलिग्रॅममध्ये झाले साडेतीनशे ज्यूल. आता ठिणगी. साध्या इग्निशनची ठिणगी काही दहा मिलिज्यूलची असते, आपण सढळ हाताने पन्नास धरू. म्हणजे ०.०५ ज्यूल. साडेतीनशेच्या समोर ०.०५, म्हणजे सात हजारावा हिस्सा! तुम्ही लाल कॉइल लावून ठिणगी दुप्पट केलीत तर त्या साडेतीनशेत भर पडली ०.०५ची. आता बोला.

"पण ठिणगी जोरात असली की पेट्रोल जोरात जळतं ना?" नाही हो. ठिणगीचं काम काडीचं आहे. होळी पेटवायला एक काडी लागते. दोन काड्या लावल्या म्हणून होळी दुप्पट मोठी होत नाही. होळी केवढी होणार ते लाकडं किती आणली यावर ठरतं. इंजिनात लाकडं म्हणजे हवा आणि पेट्रोल, आणि ती मोजून आत सोडायचं काम कार्बोरेटरचं. एकदा ज्योत धरली की पुढे ती किती वेगाने पसरेल हे मिश्रणाचं प्रमाण, आतली घुसळण आणि दाब ठरवतात. ठिणगीची तोवर सुट्टी झालेली असते.

काउंटरवर जो खेळ दाखवतात तो तुम्हीही पाहिला असेल. प्लग उघड्यावर धरायचा, किक मारायची, जुन्या कॉइलची ठिणगी नारिंगी-पिवळी आणि नव्याची जाड निळी. चट् चट् आवाज. गिऱ्हाईक खलास! (मी त्यातलाच एक.) पण उघड्या हवेत पाऊण मिलिमीटरच्या गॅपमधून ठिणगी उडायला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेलेली असते, तिथे त्याच्या कितीतरी पट लागतात. त्यामुळे बाहेरचा तो तमाशा कॉइल मेलेली नाही एवढंच सांगतो. आणि '४० हजार व्होल्ट' असं डब्यावर छापलेलं असलं तरी कॉइल तेवढे देत बसत नाही. व्होल्टेज चढत जातं आणि गॅप जिथे फुटेल तिथे थांबतं. गॅप बारा हजाराला फुटली तर वरचे अठ्ठावीस हजार फक्त डब्यावर राहतात.

मग दुसरा दावा : "पेट्रोल पूर्ण जळतं, म्हणून ॲव्हरेज वाढतं." हा जास्त चिवट आहे, कारण ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतो. पण ठीकठाक चालणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात आत गेलेल्या इंधनातली ९५ टक्क्यांच्या वर ऊर्जा जळून मोकळी होतेच. (तिच्यातली बरीचशी पुढे उष्णता बनून वाया जाते, ती गोष्ट वेगळी, आणि प्लग त्यात काही करू शकत नाही.) उरलेल्या दोन-चार टक्क्यांत तुम्ही 'वीस टक्के जास्त ॲव्हरेज' कुठून काढणार? टू-स्ट्रोकची तर गोष्टच न्यारी. त्यात ताजं मिश्रण आत येत असताना एक्झॉस्टचं दार उघडंच असतं. चौथाई किंवा त्याहूनही जास्त मिश्रण न जळताच मागच्या दाराने निघून जाऊ शकतं. ते ठिणगी पडायच्या आधी गेलेलं असतं. गाडी सुटल्यावर फलाटावर येऊन कितीही जोरात हात हलवा!

आता समोरच्या बाजूचंही ऐकायला हवं, नाहीतर मी पण त्या काउंटरवाल्यासारखाच.

इग्निशन सुधारून गाड्या सुधारल्या नाहीत का? सुधारल्या. जुनी राजदूत, येझ्दी, बुलेट या सगळ्यांना कॉन्टॅक्ट पॉइंट असायचे. पॉइंट झिजायचे, जळायचे, त्यांची गॅप बदलायची, आणि गॅप बदलली की टायमिंगही सरकायचं. त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि ही कटकट गेली. ती खरी सुधारणा होती. पण नीट बघा, सुधारलं काय? ठिणगीचा जाडपणा नाही, ठिणगीची वेळ. जळायला वेळ लागतो म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी टाकावी लागते. किती आधी, हे वेग आणि भार यावर ठरतं. ती वेळ चुकली तर ताकद जाते, इंजिन ठोकतं. टायमिंग हा खरा मुद्दा आहे आणि त्यावर मी एक शब्दही वाकडा बोलणार नाही.

दुसरं उदाहरण तर आपल्या अंगणातलं. बजाजने २००३ मध्ये पल्सरमध्ये डीटीएस-आय आणलं, एका सिलिंडरला दोन प्लग. तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, पण आमच्या गल्लीतल्या दादांनी ते स्टिकर किती वर्षं मिरवलं ते मला आठवतं. त्या तंत्रावरून २००७ मध्ये बजाज आणि टीव्हीएस कोर्टात गेले आणि २००९ मध्ये ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. म्हणजे ठिणगीत काहीतरी दम असणार ना? आहे. दोन बाजूंनी ज्योत निघाली की तिला अर्धंच अंतर कापावं लागतं, मिश्रण लवकर जळतं. पण त्यासाठी कंपनीने सिलिंडर हेडमध्ये दुसरं भोक पाडलं, टायमिंग नव्याने बसवलं, कार्बोरेटर त्याला जुळवून घेतला. ते इंजिनचं नवं डिझाइन होतं. तुम्ही-मी शनिवारी दुपारी बसवतो ते ॲक्सेसरीज असतात. यातला फरक न कळणाऱ्याने डीटीएस-आयचं उदाहरण देऊ नये.

आणि इरिडियम प्लग फसवा आहे असंही मी म्हणत नाही. त्याचं टोक सुईसारखं बारीक असतं, त्यामुळे ठिणगी थोड्या कमी व्होल्टेजला उडते, आणि तो साध्या प्लगपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. ज्याला प्लग बदलायचा कंटाळा आहे त्याने सहा-सातशे रुपये जरूर खर्च करावेत. फक्त त्याला 'परफॉर्मन्स' म्हणू नये. जास्त टिकणाऱ्या चपला घातल्या म्हणून माणूस जोरात पळत नाही.

मग "मला तर फरक जाणवला" म्हणणारे सगळे खोटं बोलतात का? अजिबात नाही. मलाही जाणवला होता. जुना प्लग दोन वर्षं वापरलेला, त्याची गॅप वाढलेली, टोक गोल झालेलं. त्या जागी नव्वद रुपयांचा नवा साधा प्लग टाकला असता तरी तेवढाच फरक जाणवला असता. पण आपण नव्वदचा टाकून बघतच नाही! एका वेळी चार गोष्टी बदलायच्या आणि श्रेय सर्वांत महाग गोष्टीला द्यायचं. ऑफिसात कुणी एका डिप्लॉयमेंटमध्ये चार बदल घुसवून "बघा, सर्व्हर फास्ट झाला" म्हणालं तर आपण त्याला जेवायला बसू देत नाही. स्वतःच्या गाडीजवळ आलो की मात्र सगळी अक्कल हेल्मेटमध्ये काढून ठेवतो.

नंतर मी मोजलं (अपघात होऊन गेल्यावर, अक्कल तशीच येते). इंजिन दुरुस्त होऊन गाडी जुळवून आल्यावर, एकाच सपाट रस्त्यावर, दोन्ही दिशांनी, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ६० जायला किती वेळ लागतो ते. दहा वेळा कंपनीची कॉइल आणि साधा नवा प्लग, दहा वेळा लाल कॉइल आणि इरिडियम. जो काही फरक निघाला तो माझ्या अंगठ्याने स्टॉपवॉच दाबण्याच्या चुकीत आरामात बुडून गेला.

असो. आता दिवे घाट.

गाडी बाबांची. वर्षभर उभी होती, मी पुन्हा रस्त्यावर आणली. तक्रारी तीन होत्या. अर्ध्याच्या पुढे ॲक्सिलरेटर दिला की मिसिंग मारायची, म्हणजे मध्येच गुदमरल्यासारखी. गरम झाली की रेस सोडल्यावरही इंजिन पटकन खाली यायचं नाही, थोडा वेळ वरच घोंघावत राहायचं. आणि प्लग काढला तर टोक पांढरंफटक. जाणकारांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. तिन्ही लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात : मिश्रण पातळ आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पण मला पार्किंगमधल्या विद्वानांनी सांगितलं, मिसिंग म्हणजे ठिणगी कमी. मी पाच हजार आठशे मोजले.

आणि गंमत ऐका, मिसिंग गेलं! जवळजवळ पूर्ण. मी दोन आठवडे कॉलर ताठ करून फिरलो.

ते का गेलं हे आता कळतं. पातळ मिश्रण पेटवणं अवघड असतं. कमजोर ठिणगी काही फेऱ्यांत ते पेटवू शकत नाही, त्यालाच आपण मिसिंग म्हणतो. दणकट ठिणगी तेच पातळ मिश्रण पेटवून दाखवते. म्हणजे नव्या इग्निशनने रोग बरा केला नाही, रोग्याचं ओरडणं बंद केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक्सेप्शन पकडला आणि कॅच ब्लॉक रिकामा ठेवला. लॉग स्वच्छ, प्रोग्रॅम चालू, आतमध्ये डेटा सडतोय. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं मिश्रण पिस्टनला आतून थंडही करत असतं. ते पातळ झालं की थंडावा कमी, जळण्याची धग जास्त. पिस्टन फुगतो. सिलिंडर तेवढा फुगत नाही.

बाबांना सासवडला जायचं होतं. मी म्हटलं, घेऊन जा, गाडी आता मस्त झालीय. वडकीच्या पुढे घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ पूर्ण रेसवर, पिस्टन सीझ झाला. मागचं चाक जागच्या जागी लॉक. क्लच दाबायला बाबांना अर्धा सेकंद उशीर झाला. वय एकसष्ट, अर्ध्या सेकंदाचा दोष मी त्यांना देणार नाही. मागून ट्रक येत नव्हता एवढं आमचं नशीब. मनगटाचं हाड मोडलं, गुडघा सोलला. मी पोचलो तेव्हा ते कठड्यावर बसले होते आणि पहिलं वाक्य काय तर, "गाडीचं फार झालंय का रे?"

गाडी टेम्पोत घालून बाबांच्या जुन्या मेस्त्रीकडे नेली. हडपसरच्या बाजूला गॅरेज आहे, माणूस सत्तरीला आलाय, बोर्डावर गॅरेजचं नाव पुसून गेलंय. मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी लाल कॉइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. हेड उतरवला, बोटाने पिस्टनच्या बाजूचे उभे ओरखडे दाखवले. मग कार्बेटर (ते कार्बेटरच म्हणतात) काढून जेट भिंगातून बघितलं.

"इंजिनियर साहेब, हे जेट कुणी टाकलं?"

"माहीत नाही काका. आधीपासूनच असेल."

"कंपनीच्या दोन घरं खाली आहे. कुणीतरी ॲव्हरेजसाठी टाकलंय."

मग कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर वाकवून दाखवलं. आतल्या बाजूला नखाएवढी चीर. त्यातून आत जाणारी हवा कार्बोरेटरने कधी मोजलीच नव्हती. मी म्हटलं, "काका, हे आधी कसं कळलं असतं?" ते म्हणाले, "गाडी चालू ठेवून रबरावर स्प्रे मारायचा. रेस बदलली तर फुटलंय. दोन मिनिटांचं काम. पण तू विचारायला आलास कुठे?"

तिसरी गोष्ट मेस्त्रींनी नाही, मी शोधली, आणि हा भाग जुन्या गाड्या असलेल्या सर्वांनी जरा लक्ष देऊन वाचावा. पंपावर आता मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्याकडे दहा टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला आणि वीसचा २०२५ मध्ये. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त नऊ. आता ज्या गाड्यांना इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आहे त्यांचा संगणक हे ओळखून थोडं जास्त इंधन सोडतो. कार्बोरेटरला डोकं नसतं. पितळेच्या तुकड्यातलं एक भोक, ते शुद्ध पेट्रोलच्या काळात मोजून पाडलेलं. त्यातून साधारण तेवढंच द्रव जातं, पण त्याला जळायला आता हवा कमी लागते. मी घनता वगैरे धरून हिशोब केला, तर मिश्रण सुमारे सात टक्के पातळ होतं. सात टक्क्यांनी नीट जुळवलेली गाडी मरत नाही, कारण पूर्ण ताकदीसाठी कंपनी मिश्रण मुद्दाम थोडं घट्ट, तेरास एकच्या आसपास ठेवते, तेवढी उशी असते. पण आमच्या गाडीची उशी आधीच कुणीतरी ॲव्हरेजसाठी विकून खाल्ली होती, उरलेली रबराच्या चिरेने खाल्ली. तीन छोटे दोष, तिन्ही एकाच दिशेचे. आणि तिघांवर पांघरूण घालायला माझी लाल कॉइल.

एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे कार्बोरेटर हा विषयच संपला असं आमच्या पिढीला वाटतं. पण त्याआधीच्या स्प्लेंडर, ॲक्टिव्हा, पल्सर रस्त्यावर अजून भरपूर आहेत. दूधवाला, कुरिअरवाला, भाजीवाला त्याच चालवतो. त्याला कुणी सांगितलंय का, तुझं जेट तपासून घे म्हणून? त्याला सगळे इरिडियम प्लग विकताहेत.

आता कार्बोरेटर-पंथीयांनी लगेच खूश होऊ नये. त्यांच्याकडेही भोंदू आहेत. आरएक्सला २८ मिलिमीटरचा मोठा कार्बोरेटर बसवणारे मी रोज पाहतो. तोंड मोठं केलं की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग कमी होतो, आणि हवेच्या वेगावरच तर पेट्रोल खेचलं जातं. पोर्ट आणि सायलेन्सर त्याला साजेसे केले नसतील तर वर थोडं मिळालं तरी खाली सगळं जातं. सिग्नलवरून निघताना गाडी खोकत बसते. दुसरे ते एअर फिल्टर काढून फेकणारे. आणि तिसरे, सगळ्यांत जुने, स्क्रू पिळून 'ॲव्हरेज काढून देणारे'. त्यांच्यातल्याच एकाने आमचं जेट बदललं असणार.

कार्बोरेटर जुळवून गाडीची ताकद कंपनीच्या आकड्यापेक्षा वाढत नाही. ती फक्त हरवलेली परत मिळते. मग त्यात एवढं काय? हेच, की कार्बोरेटर खूप चुकू शकतो आणि दोन्ही बाजूंना चुकू शकतो. ठिणगीचा मामला आहे-नाहीचा: पेटलं किंवा नाही पेटलं. मिश्रणाचं तसं नाही, ते रोज थोडं थोडं बिघडतं. सुई आणि तिचं जेट एकमेकांवर घासून झिजतात, मग गाडी अधल्यामधल्या रेसला जास्त पेट्रोल पिते. फ्लोटची पातळी सरकते. पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकात उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा चिकटा बसतो. उंचीनेही फरक पडतो. महाबळेश्वरला हवा समुद्रकाठापेक्षा आठव्या हिश्श्याने विरळ असते, लडाखच्या खिंडींत जवळपास निम्मी. तिथे कार्बोरेटरवाल्या गाड्या काळा धूर ओकत चढतात तो दोष प्लगचा नसतो.

आणि गाडी कुठल्या रेसला नाटक करते यावरून कार्बोरेटरचा कुठला भाग आजारी हे कळतं. रेस बंद ते अगदी थोडी, म्हणजे पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. पाव ते पाऊण, म्हणजे सुई. त्याच्या वर मेन जेट. आमची गाडी 'अर्ध्याच्या पुढे' गुदमरत होती. तिने पत्ता सांगितला होता, मला वाचता आला नाही. हवेच्या स्क्रूबद्दल एक धोक्याची सूचना : आरएक्सच्या कार्बोरेटरवर तो बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, आणि ज्या गाड्यांत स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो तिथे बहुतेक वेळा बाहेर काढला की घट्ट होतं. एका गाडीचं ज्ञान दुसऱ्या गाडीवर चालवू नये. पीयूसीच्या कागदावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही बघत जा. तो बेकायदा जास्त आला तरच बघायचा असं नाही. आयडलला मिश्रण घट्ट आहे का याची ती जवळजवळ फुकटातली तपासणी आहे. आपण तो कागद घडी करून पाकिटात सारतो.

आमच्या दुरुस्तीचं बिल सांगतो. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, हा खर्च सीझ झाल्याचा, तो मोठा होता. पण ज्या कामाने गाडी खरी सुधारली ते एवढंच : नवं रबर, कंपनीच्या आकड्याचं जेट, मग ई-२०साठी त्याहून एक घर मोठं, सुईची क्लिप एक खाच खाली, फ्लोट सेट, साफसफाई. सगळं मिळून साडेआठशे, त्यात मेस्त्रींची मजुरी धरून. इग्निशनचं काय केलं? त्यांनी कंपनीची जुनी कॉइल मागून घेतली, कनेक्शन सँडपेपरने घासलं, नव्वदचा प्लग टाकला. ४० ते ६०ची वेळ यावेळी स्टॉपवॉच न लावताही कळली.

मजुरीवरून वाद घातला मी, जास्त द्यायला. घेईनात. पाच हजार आठशे मी ज्यांना दिले त्यांनी गाडी पाहिलीसुद्धा नव्हती. आणि ज्यांनी कान लावून, भिंग लावून दोष शोधला ते तीनशे रुपयांच्या वर जायला तयार नव्हते. "तुझ्या वडिलांची गाडी आहे," म्हणाले. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आहे. कार्बोरेटर कानाने जुळवणारी माणसं आता फार दिवस मिळणार नाहीत, आणि आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून त्यांना अडाणी म्हणतो.

प्लास्टर पुढच्या गुरुवारी निघेल. बाबांनी आत्ताच विचारलं, सासवडचं काम राहिलंय, गाडी कधी मिळेल. मी म्हटलं, मी सोडतो तुम्हाला. ते म्हणाले, "घाट मी चालवीन."

लाल कॉइल अजून खणात आहे, जवळजवळ नवी. कुणाला हवी असेल तर... नको, राहू दे.